एका चुलीचा प्रश्न

२०११ च्या फेब्रुवारीत जनगणनेचे कागद घेऊन मी रत्नागिरीजवळच्या एका वाडीत गेलो होतो. ओटीवर बसलेल्या आजींना विचारले, "घरात माणसे किती?"

"पाच."

मोजली तर चार भरली. आजी म्हणाल्या, "धाकटा मुंबईला असतो, गुरुजी. पण ही चूल त्याच्याच पैशावर पेटते. मग तो घरातला नव्हे?"

नियम असा, की जो नेहमी एका चुलीवर जेवतो तो त्या घरातला. मी चार लिहिले. पण मन खट्टू झाले.

वाचकहो, मोजण्याचा हा पेच फार मोठा आहे. १९५५ साली आवडीच्या काँग्रेस अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव झाला. १९९१ मध्ये देशाने बाजाराची वाट मोकळी केली. त्याने गरिबाच्या ताटात काय वाढले? हे कळावे म्हणून घरोघर विचारणारी राष्ट्रीय नमुना पाहणी आपल्याकडे १९५० पासून आहे. तिच्या आधारे १९९३-९४ मध्ये गरिबांचे प्रमाण शेकडा ३६ धरले गेले. १९९९-२००० मध्ये ते २६ वर आले. बाजाराचे चाहते आनंदले. पण पूर्वी अन्नावरचा खर्च मागील तीस दिवसांचा विचारीत. या खेपेस सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असे दोन्ही शेजारी शेजारी विचारले होते. एका उत्तराची सावली दुसऱ्यावर पडली, अशी शंका निघाली आणि अर्थशास्त्रज्ञांत वर्षानुवर्षे वाद चालला. किती गरीब खरोखर वर आले आणि किती केवळ प्रश्न बदलल्यामुळे, हे सांगणे कठीण झाले.

मग आकडे टाकूनच द्यावेत काय? मला तसे वाटत नाही. बाजारात ज्याच्या खिशात पैसा आहे त्याची मोजदाद आपोआप होते. ज्याच्यापाशी काही नाही, तो कोणी दाराशी येऊन विचारील तेव्हाच मोजला जातो. २०१७-१८ च्या खर्च-पाहणीचे निष्कर्ष दर्जाचे कारण देऊन प्रसिद्धच झाले नाहीत. २०११-१२ नंतरची पुढची पाहणी थेट २०२२-२३ ची. मधल्या अकरा वर्षांत गरिबाच्या चुलीवर काय शिजले, हे ठामपणे कोण सांगणार?

म्हणून विचारावे, मात्र कसे विचारले तेही आकड्याशेजारी प्रामाणिकपणे लिहावे. त्याच जनगणनेत आमच्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया निघाल्या. तो आकडा वाचताना मला आजींचा धाकटा आठवतो. माझे चार नियमाने बरोबर होते. आजींचे पाचही खोटे नव्हते.