कैवार कुणाचा?

मराठवाड्यातल्या तरुणांचा जुना प्रश्न अंतराचा. निजामी राजवटीत वेरूळच्या मुलाला पदवी हवी असेल, तर हैदराबाद गाठणे आले. आणि तिथे उस्मानिया विद्यापीठात शिकवणे उर्दूतून. घर लांब, मायबोली त्याहून लांब. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून उस्मानियाने विद्यार्थ्यांना काढून टाकले, तेव्हा त्यांना आसरा दिला नागपूर विद्यापीठाने.

गोविंदभाई श्रॉफ घडले ते याच काळात. गणिताचा हा शिक्षक नोकरी सोडून हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या निजामाविरुद्धच्या लढ्यात उतरला. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले. पुष्कळांचे काम तिथे संपले, गोविंदभाईंचे २००२ मध्ये मृत्यूनेच थांबवले. सरस्वती भुवन संस्थेची धुरा त्यांनी वाहिली, मराठवाडा जनता विकास परिषदेचे नेतृत्व केले. सेवा आणि कैवार यांतला फरक या कामात दिसतो. गरीब मुलाची फी भरणे ही सेवा. त्याच्या जिल्ह्यात कॉलेज का नाही, असे सरकारला विचारत राहणे हा कैवार. सेवेला आभार मिळतात. कैवाऱ्याच्या वाट्याला बहुधा वैर येते.

१९७४ मध्ये नोकऱ्यांसाठी विद्यार्थी रस्त्यावर आले. वसमतला पोलिसांच्या गोळीबारात विद्यार्थ्यांचे बळी गेले. त्या संतापाला गोविंदभाईंनी मागण्यांची शिस्त दिली: रुंदमापी रेल्वे, सिंचन, उद्योग, न्यायालय. औरंगाबादला १९८१ मध्ये उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे. तरुण ओरडतात आणि पांगतात. वीस वर्षे एकाच मागणीचा पाठपुरावा करायला मुरलेला माणूस लागतो.

मात्र याच आयुष्यात एक अवघड पान आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले आणि ज्यांच्यापासून शिक्षण सर्वांत लांब ठेवले होते, त्या मुलांना वर्गात आणले. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे, ही त्या पिढीची मागणी होती. गोविंदभाईंनी नामांतराला विरोध केला. विधिमंडळाचा ठराव १९७८ चा. त्यानंतर दलित वस्त्या जळाल्या, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. मराठवाड्याची अस्मिता जपतो आहोत, अशी विरोधकांची प्रामाणिक भावना असेलही. पण ‘आमचे तरुण’ म्हणताना काही तरुण मोजायचे राहिले होते. गोविंदभाईंचे ऋण मान्य करूनही हे म्हणावेच लागते.

आज वेरूळहून विद्यापीठाचे शहर तीसेक किलोमीटरवर आहे. १९८३ पासून लेणी जागतिक वारशाच्या यादीत आहेत. जग दाराशी येते. गावातला मुलगा त्या जगाला पुस्तके, मूर्ती, रंगीत दगड विकतो, फार तर गाइड होतो. पर्यटनाचा आराखडा ठरतो तिथे तो क्वचितच असतो. रस्ता आखूड झाला, निर्णयापर्यंतचे अंतर तसेच राहिले.

म्हणून जन्मभर तरुणांसाठी झटलेल्या माणसाचे मोठेपण सत्कारांच्या शालींवरून ठरवू नये. त्याने किती तरुणांना बोलायला उभे केले, हे विचारावे. आणि त्यातला एखादा त्याच्याच विरोधात बोलला, तेव्हा त्याने त्याला खाली बसवले की ऐकून घेतले, हेही विचारावे.