ओट्यापलीकडची भिंत

जुना फ्लॅट नव्याने करून घ्यायला काढला, की इंटिरियरवाला पहिल्याच भेटीत स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यामधल्या भिंतीवर हात ठेवतो. ही काढली की घर मोठं दिसेल, म्हणतो. दिसतंही. पण हा प्रश्न मला दिसण्याचा वाटत नाही. जेवणं चालू असताना घरातलं कोण कुठे उभं असतं, याचा तो प्रश्न आहे.

आपल्या कितीतरी जुन्या घरांत ही भिंत नव्हतीच. चुलीपासून चार हातांवर पाट मांडले जात. पण जागा एक म्हणून पंगत एक, असं नव्हतं. आधी पुरुष आणि मुलं, मग उरलंसुरलं घेऊन बायका. भिंत गेली की सगळे आपोआप एकत्र जेवू लागतील, या भ्रमात कुणी राहू नये.

भिंतीमागेही विचार होता. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब स्वयंपाकघर आखलं. रेल्वेच्या डब्यातल्या स्वयंपाकघरासारखं सगळं हाताशी, पावलं वाचवणारं. बाईचे कष्ट कमी व्हावेत ही तळमळ त्यात खरी होती. मात्र ती खोली एकाच माणसापुरती होती, आणि पुढच्या पिढीतल्या स्त्रीवाद्यांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. जिथे दुसरं माणूस मावत नाही, तिथे मदतीला न येण्याची सबब आयतीच मिळते.

आपल्याकडे तर पोळी आहे. भाजी, वरण, भात आधी करून टेबलावर मांडता येतं. पोळी तव्यावर टम्म फुगली की उतरवायची, तूप लावायचं, ताटात नेऊन वाढायची, आणि तेवढ्यात तव्यावरची पुढची करपू लागते. पलीकडून हसणं ऐकू येतं, कशावर हसले ते कळत नाही. पोळ्या करणारी बाई ताट घेऊन बसते तेव्हा बाकीच्यांचे हात धुऊन झालेले असतात. रोजच्या रोज चालणारा हा एकटेपणा मला अन्यायाचा वाटतो, आणि भिंत काढावी या बाजूला मी झुकते ती यामुळेच.

तरी भिंतीची बाजू खोटी नाही. मिरचीच्या फोडणीचा ठसका आणि भाजलेल्या सुकटीचा वास पडद्यांत जाऊन बसतो. नळी बाहेर न काढलेली चिमणी हवा गाळते आणि पुन्हा घरातच सोडते. त्याहून मोठी गोष्ट सहसा बोलली जात नाही. पुष्कळ घरांत बाईला दार लोटून घेता येईल अशी खोली तेवढीच असते. नणंद-भावजयांच्या खऱ्या गप्पा तिथे होतात, डोळेही तिथेच पुसले जातात. भिंत पाडली की हा आडोसा जातो आणि खरकटी भांडी दिवसभर पाहुण्यांच्या नजरेत राहतात.

म्हणून माझं मत असं: भिंत काढावी, पण तिच्या जागी सरकतं काचेचं दार बसवावं. फोडणीपुरतं आणि मनात येईल तेव्हा लावता येईल असं. शेगडी टेबलाकडे तोंड करून, आणि ओट्याशी दोन माणसं सहज उभी राहतील एवढी जागा. राष्ट्रीय इमारत संहितेत नुसत्या स्वयंपाकघराला किमान ५ चौरस मीटर जागा सांगितली आहे, आणि तिथेच जेवायचं असेल तर ७.५. त्याहून कमी असेल तर दाटीच होईल. भिंतीला हात लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा. मिवान पद्धतीच्या इमारतींत काँक्रीटच्या भिंतीच भार पेलतात, तिथे हा विषयच सोडून द्यावा.

आणि या निर्णयात ज्यांना मत द्यायचं आहे, त्या प्रत्येकाने आधी आठवडाभर रात्रीच्या पोळ्या ओट्याशी उभं राहून कराव्यात, सगळ्यांना गरम वाढाव्यात, आणि मगच बोलावं.