कढईतला कॉड

१७२३ सालची गोष्ट. बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा सतरा वर्षांचा होता. बॉस्टनमध्ये थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करायचा. भावाशी पटेना, म्हणून गुपचूप न्यूयॉर्कच्या जहाजावर चढला. वाटेत ब्लॉक बेटाजवळ वारा पडला आणि शिडाचे जहाज जागच्या जागी थांबले. रिकामे बसण्यापेक्षा मासे धरू म्हणून लोक उठले आणि त्यांनी कॉडचा ढीग वर ओढला.

फ्रँकलिन मासे खात नसे. सोळाव्या वर्षी टॉमस ट्रायन यांचे पुस्तक वाचून त्याने मांस-मासळी सोडली होती, आणि ते वरवरचे नव्हते. भाऊ त्याच्या जेवणावर करी त्या खर्चाचे निम्मे पैसे त्याने रोख मागून घेतले, त्यातलेही निम्मे वाचवून पुस्तके विकत घेतली. बाकीचे जेवायला गेले की पावाचा तुकडा, मूठभर मनुका नि पाणी यांवर भागवून तो छापखान्यात वाचत बसे. माशांनी आपले काहीच वाकडे केलेले नाही, तेव्हा त्यांना मारणे हा खूनच, असे तो मानी.

पण मासळी त्याला मुळात फार आवडायची. कॉड तळायला पडला आणि घमघमाट सुटला. श्रावण पाळणाऱ्या कोकणी माणसाला शेजारच्या तव्यावरून येणारा असा वास माहीत असतो! तत्त्व आणि जीभ यांची काही वेळ ओढाताण झाली. मग त्याला आठवले, की मासे चिरताना त्यांच्या पोटातून लहान मासे निघाले होते. हे एकमेकांना खातात, तर आपण यांना खाल्ले म्हणून काय बिघडले? झाले. तो पोटभर जेवला.

माणूस आधी मनाशी ठरवतो आणि कारण मागाहून शोधतो, हेच या गोष्टीचे सार. १९०८ साली अर्नेस्ट जोन्स या मनोविश्लेषकाने याला ‘रॅशनलायझेशन’ म्हटले. खरे कारण झाकायचे आणि चारचौघांत शोभेल असे दुसरे पुढे करायचे. पुढे केलेले कारण खोटे असावे लागत नाही, आणि फसगत होते ती इथेच. त्या कॉडच्या पोटात मासे खरोखरच होते. पण मोठा मासा लहान माशाला खातो, हे काय त्या दिवशीच नव्याने कळले? वास सुटेपर्यंत ते कामाचे नव्हते, एवढेच.

आपल्याकडे कौटिल्यानेही मत्स्यन्याय सांगितला आहे. बलवानाने दुर्बलाला गिळू नये म्हणून राजदंड हवा, असे तो त्यावरून म्हणतो. समुद्रातली वस्तुस्थिती तीच. एकाला तिच्यात दुबळ्याच्या रक्षणाची गरज दिसली, दुसऱ्याला जेवणाची परवानगी.

फ्रँकलिन पुढे चारचौघांसारखे खात राहिला, अधूनमधून तेवढा शाकाहाराकडे वळे. १७७१ मध्ये, पासष्टीत, त्याने आत्मचरित्र लिहायला घेतले. ‘विचार केला आणि मत बदलले’ असे लिहिले असते तर कोणी हटकले नसते. पण त्याने आधी कढईचा वास लिहिला आणि माशांच्या पोटातले मासे मागाहून. सोडलेल्या व्रतापेक्षा हा क्रम जसाच्या तसा ठेवणे मला जास्त अवघड वाटते.