बक्षिसासारखं नागरिकत्व

फुटबॉलपटू मेसुत ओझिलची जर्मनीकडून खेळण्याची कारकीर्द एका छायाचित्रामुळे संपली, असं सर्रास सांगितलं जातं. मे २०१८ मध्ये तो लंडनमध्ये तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगन यांना भेटला आणि शेजारी उभं राहून त्यांना आर्सेनल या आपल्या क्लबची जर्सी दिली. जूनमध्ये विश्वविजेती जर्मनी विश्वचषकाच्या गटातच गारद झाली. २२ जुलैला ओझिलने राष्ट्रीय संघ सोडला. घटनाक्रम बरोबर आहे, पण माझ्या मते या गोष्टीची सुरुवात २०१० मध्ये आहे, चहूकडून त्याचं कौतुक होत होतं तेव्हा. त्या कौतुकातच एक मोठा दोष होता.

१९६१ मध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. माणसं येतील, कारखान्यांत आणि खाणींत राबतील आणि परत जातील, असा हिशेब होता. काळ्या समुद्राकाठच्या झोंगुलदाकमधून, म्हणजे एका कोळशाच्या मुलखातून, ओझिलचे आजोबा जर्मनीच्या रूर खोऱ्यातल्या दुसऱ्या कोळशाच्या मुलखात आले आणि राहिले. वडील लहानाचे मोठे तिथेच झाले. मेसुत १९८८ मध्ये तिथल्याच गेल्सेनकिर्शेनला जन्मला, पण जन्माने जर्मन नागरिक झाला नाही. तेव्हा १९१३ चा कायदा लागू होता आणि तो रक्ताचं नातं पाहायचा. जन्मस्थानाला किंमत आली ती २००० पासून. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला जर्मन होण्यासाठी तुर्की पासपोर्ट सोडावा लागला. आपल्याकडेही दुहेरी नागरिकत्व नाही. पुणे एफसीकडून खेळलेल्या इझुमी अराताला भारताची जर्सी घालण्यासाठी जपानचं नागरिकत्व सोडावं लागलं होतं. फरक इतकाच की अराता जपानमध्ये जन्मला होता. ओझिल ज्या देशाचं नागरिकत्व मागत होता, त्याच देशात जन्मला होता.

त्याचा खेळ घडला तो घराजवळच्या एका कुंपणबंद मैदानात. वस्तीतली पोरं त्याला ‘माकडांचा पिंजरा’ म्हणत. चारी बाजूंनी जाळी, पायाखाली खडी, समोर वयाने आणि अंगाने मोठी मुलं. तिथे चेंडू पायाशी ठेवून विचार करायला सवड नसते. तो येण्याआधीच कुठे पाठवायचा हे ठरलेलं असावं लागतं. पुढे माद्रिदमध्ये आणि लंडनमध्ये ओझिल हेच करत राहिला. पास येण्याआधी तो मान वळवून मागे बघायचा, मग एका स्पर्शात चेंडू अशा मोकळ्या जागेत सरकवायचा की सहकारी पोचेपर्यंत ती जागा आहे हे प्रेक्षकांनाही कळत नसे. २०१५-१६ च्या प्रीमियर लीगमध्ये त्याच्या नावावर १९ असिस्ट होते. चेंडू गेला तर मात्र खांदे पाडून चालायचा. जिंकत असताना याच चालीला सहजता म्हणत, हरल्यावर आळस.

२००० च्या युरो स्पर्धेत जर्मनी गटात तळाला राहिली, तेव्हा तिथल्या महासंघाने मुलांच्या प्रशिक्षणाची सारी घडी नव्याने बसवली. बुंडेसलिगाच्या क्लबांना अकादमी सक्तीची झाली, गावोगावी प्रशिक्षण केंद्रं निघाली. खाणकामगारांच्या वस्त्यांतली पोरं या जाळ्यात आली. २०१० च्या विश्वचषकाच्या २३ जणांच्या संघात ११ खेळाडूंची मुळं परदेशी होती. त्या संघाने इंग्लंडला ४-१ आणि अर्जेंटिनाला ४-० असं हरवलं, आणि ओझिल त्या खेळाचा मेंदू होता. स्पर्धा संपताच रेआल माद्रिदने त्याला उचललं.

त्या ऑक्टोबरमधले दोन आठवडे मला फार महत्त्वाचे वाटतात. ८ तारखेला बर्लिनमध्ये जर्मनी विरुद्ध तुर्कस्तान सामना होता. स्टेडियममधले हजारो तुर्की प्रेक्षक ओझिलच्या पायात चेंडू आला की शिट्ट्यांनी त्याची हुर्यो उडवत होते. त्याने गोल केला, पण जल्लोष केला नाही. सामन्यानंतर चॅन्सेलर अँगेला मर्केल ड्रेसिंग रूममध्ये आल्या. उघड्या अंगाने उभ्या असलेल्या ओझिलशी त्या हस्तांदोलन करतात, हे छायाचित्र जर्मनीभर छापलं गेलं. त्यानंतर आठच दिवसांनी पॉट्सडॅमच्या सभेत मर्केलनी जाहीर केलं की बहुसांस्कृतिक समाजाचा प्रयोग पुरता फसला आहे. नोव्हेंबरमध्ये ओझिलला प्रतिष्ठेचा ‘बांबी’ पुरस्कार मिळाला. तो खेळासाठी नव्हता. स्थलांतरितांनी समाजात कसं मिसळावं याचा नमुना म्हणून होता.

बावीस वर्षांच्या, जर्मनीतच जन्मलेल्या मुलाला जर्मनीत मिसळून गेल्याबद्दल बक्षीस! देणाऱ्यांचा हेतू वाईट नसेलही. पण प्रयोग फसला म्हणायचं आणि त्याच सुमारास एकाला उदाहरण म्हणून मिरवायचं, याचा अर्थ बाकीच्यांना सांगितलं जात होतं, असे व्हा, मग पाहू. आणि जो नमुना ठरतो, त्याला साधं माणूस राहता येत नाही. त्याची चूक मग समाजाची चूक ठरते. लुकास पोडोल्स्की आणि मिरोस्लाव्ह क्लोझे यांचा जन्म तर पोलंडमधला. त्यांना कोणी पोलिश-जर्मन म्हणत नाही, मग मलाच तुर्की-जर्मन का म्हणता, हा ओझिलचा प्रश्न होता. त्याला समाधानकारक उत्तर मी आजवर कुठे वाचलेलं नाही.

छायाचित्र चुकीचंच होतं, हेही मला तितक्याच स्पष्टपणे म्हणायचं आहे. तुर्कस्तानात निवडणूक सहा आठवड्यांवर होती, पत्रकार तुरुंगात होते. आपण आजोबांच्या देशातल्या सर्वोच्च पदाचा मान राखला, हे त्याचं समर्थन मला पटत नाही. प्रचाराच्या दिवसांत पद आणि उमेदवार वेगळे करता येत नाहीत. त्यावर टीका करण्याचा जर्मन नागरिकांना पूर्ण हक्क होता. पण जुलैमध्ये झालं ते वेगळंच. संघव्यवस्थापक ऑलिव्हर बीअरहोफ म्हणाले, ओझिलला संघाबाहेर ठेवण्याचा विचार करायला हवा होता. नंतर त्यांनी शब्द मागे घेतले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. दक्षिण कोरियाविरुद्धच्या ज्या पराभवाने जर्मनी बाहेर पडली, त्या सामन्यात गोलच्या सर्वाधिक संधी ओझिलनेच तयार केल्या होत्या. त्याच उन्हाळ्यात माजी कर्णधार लोथार मॅथेउस क्रेमलिनमध्ये पुतिन यांना भेटला, पण त्याच्या जर्मनपणाबद्दल कोणी चौकशी केली नाही. जिंकलो की मी जर्मन आणि हरलो की स्थलांतरित, हे ओझिलचं संघ सोडतानाच्या निवेदनातलं म्हणणं अतिशयोक्त वाटेल, पण त्या महिन्याचं ते अचूक वर्णन आहे.

पुढे २०१९ मध्ये चीनमधल्या उइघुर मुस्लिमांसाठी तो उघडपणे बोलला. आर्सेनलने अंग काढून घेतलं, चिनी सरकारी वाहिनीने क्लबचा सामना दाखवला नाही. तुर्की तुरुंगांबद्दल मात्र तो कधी बोलला नाही, आणि २०२५ मध्ये तर एर्दोगन यांच्या पक्षाच्या कार्यकारिणीत जाऊन बसला. आम्ही तेव्हाच म्हणत होतो, असं आता अनेकांना वाटतं. मला त्याच्या या निवडीचं दुःख होतं. पण दार लावून घ्यायचं आणि तो दुसऱ्या घरी गेला की त्याच्यावर बोट ठेवायचं, हा न्याय नव्हे.

त्याने इल्काय गुंडोगनसारखं वागायला हवं होतं, असं पुष्कळ जण सुचवतात. गुंडोगनही गेल्सेनकिर्शेनचा, दोनच वर्षांनी लहान, आणि लंडनमध्ये एर्दोगनना भेटलेल्या खेळाडूंत तोही होता. त्याने दिलेल्या जर्सीवर तर ‘माझ्या आदरणीय अध्यक्षांना’ असं लिहिलेलं होतं. त्याने प्रेक्षकांच्या शिट्ट्या सोसल्या, पत्रकारांना सामोरा गेला, खुलासा केला, खेळत राहिला. २०२४ च्या युरो स्पर्धेत, मायदेशातच, तो जर्मनीचा कर्णधार होता. त्याच्या धीराबद्दल मला आदर आहे. पण त्या स्पर्धेच्या तोंडावर एआरडी या सार्वजनिक वाहिनीने सर्वेक्षण करून घेतलं. राष्ट्रीय संघाच्या कर्णधाराची मुळं तुर्की आहेत याची खंत वाटते, असं १७ टक्के लोकांनी सांगितलं. यांचं समाधान करण्यासाठी गुंडोगनने आणखी कोणता खुलासा करायचा राहिला होता, हे ओझिलला सल्ला देणाऱ्यांनी सांगावं.