फीत

आमच्या सातारा-सांगलीकडे ‘पोराला फीत लागली’ ही बातमी पेढ्यांबरोबर घरी येते. शिपायाचा नायक, नायकाचा हवालदार, हवालदाराचा नायब सुभेदार ही चढण इथल्या आयांना तोंडपाठ आहे. सीमेवर तोफा धडाडत असल्या तरी घरातून देवाकडे दोन मागण्या जातात. पोरगं सुखरूप राहू दे आणि त्याला बढती मिळू दे. कुणी बाप निवृत्त सुभेदाराच्या ओसरीवर जाऊन बसतो, कुणी आमदाराची चिठ्ठी मिळेल का म्हणून विचारतो. सैन्यात असा बाहेरून टाकलेला शब्द चालत नाही. तरी त्या बापाला मी हावरा म्हणणार नाही. माण-खटावच्या नाहीतर जत-आटपाडीच्या कोरडवाहू रानाने ज्याला कधी भरवसा दिला नाही, त्याला हुद्द्याबरोबर वाढणारा पगार, वाढणारी नोकरीची वर्षं आणि पेन्शन यांची आस लागणारच.

पण लढाईतली बढती निराळी असते. शांततेच्या काळात वरचा माणूस निवृत्त होतो आणि जागा रिकामी होते. लढाईत तो पडतो, म्हणून रिकामी होते.

पहिल्या महायुद्धात, नोव्हेंबर १९१५ मध्ये, बगदादच्या अलीकडे टेसिफोनला तुर्कांशी मोठी लढाई झाली. ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिथे होत्या. तिथून मागे हटलेलं सैन्य कूतला वेढ्यात सापडलं आणि उपासमारीने टेकीला येऊन २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलं. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावाने त्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागलं ते अशा हिशेबावर. आता सांगलीत असलेले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुकेही तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. त्या दिवसांत एखाद्या घरी पोराच्या बढतीचं पत्र आलं असेल, तर दुसऱ्या कुठल्या तरी घरी त्याच जागेची दुसरी बातमी पोचली असणार.

आणि फीत लागलेला माणूस उभा कुठे राहतो? रायगड जिल्ह्यातले यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीत नायक होते, म्हणजे एका सेक्शनचे म्होरके. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधला प्रत्येक जण ठार झाला किंवा जखमी होऊन पडला. घाडगे एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. मॅगझिन बदलायलाही वेळ नव्हता, तेव्हा हातातलं हत्यार नळीकडून धरून त्यांनी शत्रूवर घाव घातले. ठाणं पडलं, आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तेही. वय अवघं बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

हे सांगून कुणा आईचा नवस मोडावा असं मला वाटत नाही. तिने मागावं, हक्काने मागावं. फक्त आज दिवा लावताना पोराच्या हवालदाराचंही नाव घ्यावं. नाव माहीत नसेल तर रात्री फोन आला की विचारून घ्यावं. मराठा पलटणीतला तो हवालदार पलीकडच्याच तालुक्यातला निघाला तर नवल नाही, आणि त्याची आईही आज नायब सुभेदारीसाठी हात जोडून उभी असेल.