मनाचे दुखणे सांगावे कोणास?

मनाचे दुखणे घेऊन मनुष्याने वैद्याकडे जावे की देवाकडे, हा प्रश्न अलीकडे कीर्तन आटोपल्यावर आम्हांस वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुधा आईबाप असतात. मुलगा किंवा मुलगी पुण्यास, नागपुरास, छत्रपती संभाजीनगरास शिकावयास ठेवलेली. पहिले सहा महिने सगळे ठीक. मग फोन कमी होतात, पोर सुटीत घरी आले की कोपऱ्यात बसते, रात्री झोपत नाही, दिवसा उठत नाही. चार माणसे पांगल्यावर बाप हळूच जवळ येतो आणि म्हणतो, "महाराज, पोराचं मन थाऱ्यावर नाही. गळ्यात माळ घालू का?"

माळ अवश्य घालावी. त्यास आमची ना नाही. पण या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला असतो आणि तो बाप उघड विचारीत नाही. डॉक्टरकडे नेले तर लोक काय म्हणतील, आणि नामावर आमचा विश्वास उणा होता असे तर ठरणार नाही ना, हा तो प्रश्न. त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

अहो, वारीत पायाला फोड येतात. दिवेघाट चढून सासवडास पोहोचेपर्यंत भल्याभल्यांचे तळवे सोलवटतात. तेव्हा वारकरी काय करतो? रस्त्याच्या कडेला बसतो, ओळख ना देख अशा माणसापुढे पाय करतो आणि तो तेल चोळून देतो. लाज कोणासच वाटत नाही. कित्येकांच्या पडशीत साखरेच्या नि रक्तदाबाच्या गोळ्या असतात. मुखाने नाम चालू असते आणि वेळ झाली की गोळीही घेतली जाते. त्याला कोणी म्हणत नाही की बाबा, तुझी निष्ठा कच्ची. मग पायाच्या फोडाला जो न्याय, तो मनाच्या फोडाला का नसावा?

येथे कोणी शास्त्रज्ञ म्हणेल की पाय हा देह आहे, मन तसे नव्हे. मन तर परमार्थाचेच स्थान. या म्हणण्यात मोठा घोटाळा आहे. आमच्या शास्त्रांनी मनाला आत्मा कधीच म्हटलेले नाही. सांख्यांनी मन अकरावे इंद्रिय मानले. गीतेच्या तेराव्या अध्यायात क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ असा निवाडा केला, तेथे मन, बुद्धी, अहंकार ही सारी क्षेत्रात टाकली. जाणणारा तो वेगळा. म्हणजे मन हे साधन आहे, डोळ्यासारखे. डोळ्यात मोतीबिंदू झाला तर आपण विठ्ठलाच्या दर्शनाची आवड कमी झाली असे म्हणत नाही. शस्त्रक्रिया करून घेतो आणि मग दर्शनास जातो. मन साधन असेल तर ते बिघडू शकते, आणि बिघडले तर दुरुस्तही करावे लागते. त्यात भक्तीला उणेपणा कोठून आला?

हे आम्ही पोथी उघडून नुसते पंडिताईसाठी सांगत नाही. दोन-तीन वर्षांमागे एका सप्ताहात एक मुलगा आमच्या उतरण्याच्या ठिकाणी आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आईबाप ऊसतोडीला जाणारे, घराण्यात कॉलेजचे तोंड पाहणारा हा पहिला. तीन विषय राहिलेले. म्हणाला, "महाराज, नाम घ्यायला बसतो, पण दोन मिनिटं मन लागत नाही. माझी भक्तीच खोटी आहे का?" बघा म्हणजे! आधीच दुःखाने पिचलेला, आणि त्यावर पापाचे ओझे आपणच चढवून घेतलेले. आम्ही भक्तीची गोष्ट बाजूला ठेवली आणि विचारले, "बाळा, झोप लागते का? जेवतोस का?" तर पंधरा दिवस धड झोप नाही, मेसचा डबा तसाच परत जातो. आम्ही म्हटले, "वीणेची तार सैल पडली तर गाणाऱ्याचा गळा खोटा ठरत नाही. आधी तार लावून घेऊ." दुसऱ्या दिवशी आमच्या टाळकऱ्यांपैकी एक जण त्याच्याबरोबर सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागात गेला. पुष्कळ महिने लागले. विषय अजून एक राहिलाच आहे. पण आता तो जेवतो, झोपतो, आणि एकादशीला फोन करतो.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानात उपचाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. मंत्र, जप, व्रत यांचा तो दैवव्यपाश्रय; आहार-औषधांच्या योजनेचा तो युक्तिव्यपाश्रय; आणि मनाला अहितकर गोष्टींपासून आवरून धरण्याचा तो सत्त्वावजय. तिन्ही एकाच ठिकाणी सांगितले, एकाने दुसरा खोडला नाही. जुन्यांना जे एकत्र नांदवता आले, त्यात आपण भांडण लावून दिले आहे.

आता गीतेकडे वळू. पहिल्या अध्यायाचे नावच विषादयोग. अर्जुनाचे जे वर्णन तेथे आहे ते नीट वाचा: गात्रे ढिली पडली, तोंडाला कोरड, अंगाला कंप, कातडीची आग, हातातून धनुष्य निसटते, उभे राहवत नाही, मन भोवंडते. परीक्षेच्या आदल्या रात्री वसतिगृहात एखाद्या पोराला हेच होते तेव्हा आपण म्हणतो, नाटक करतो! धनुर्धारी अर्जुनाला झाले ते नाटक नव्हते, मग याचे का असावे?

पण आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते ते पुढचे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी भगवंतांनी आधी अर्जुनाला चांगले फटकारले. हे तुला शोभत नाही, दुबळेपणा टाक, ऊठ. दोन श्लोक. काय झाले? अर्जुन उठला का? नाही उठला. उलट आपले दुःख आणखी खोलात जाऊन सांगू लागला, मला मार्ग दाखवा म्हणून शरण आला, आणि लढणार नाही असे सांगून गप्प बसला. त्यानंतर भगवंतांनी जे बोलणे आरंभले ते अठराव्या अध्यायापर्यंत चालले. अर्जुन मध्ये मध्ये शंका विचारतो. तेच तेच पुन्हा विचारतो. तू गोंधळात टाकतोस असा दोषही देतो. देव कंटाळत नाही. सहाव्या अध्यायात तो म्हणतो की मन वाऱ्यासारखे आहे, आवरत नाही. तेव्हा देव आधी ते मान्य करतो, होय, अवघडच आहे, आणि मग उपाय सांगतो. साक्षात भगवंताचे फटकारणे जेथे पुरे पडले नाही, तेथे आपल्या 'अरे, मर्दासारखा मर्द तू' याने काय होणार! आपण मात्र दोन श्लोकांवर थांबतो आणि पुढचे अध्याय वाचायचे सोडून देतो.

कोणी म्हणेल, अर्जुनाने विचारले तरी. ही पोरे विचारतच नाहीत. खरे आहे. पण का विचारीत नाहीत? कॉलेजात बसणारी सगळी पोरे एका मापाची नसतात. ज्याचा बाप डॉक्टर, ज्याच्या घरी या गोष्टी जेवताना बोलल्या जातात, तो सरळ समुपदेशकाची वेळ घेतो. नंदुरबारच्या डोंगरातून आलेला मुलगा घरी भिलोरी बोलतो, वर्गात इंग्रजी ऐकतो, आणि मनातले सांगायचे तर तिसऱ्याच भाषेत. त्याने ते कसे सांगावे? ज्याच्या शिक्षणासाठी घरची दोन एकर गहाण पडली, त्याला घरी 'बरं नाही' म्हणणे म्हणजे कर्ज बुडवल्यासारखे वाटते. मुलगी असेल तर, उद्या स्थळ येईल तेव्हा ही गोष्ट निघेल, हे भय. आणि राखीव जागेवर आलेला विद्यार्थी? त्याला पहिल्या दिवसापासून कोणी ना कोणी कानाशी म्हटलेलेच असते की तू येथे कसा आलास ते ठाऊक आहे. अशा मुलाने 'मला जमत नाही, मदत करा' म्हटले की हिणवणाऱ्यांचेच म्हणणे खरे केल्यासारखे होते. म्हणून तो दात-ओठ खाऊन गप्प राहतो. मदत मागणे सर्वांना सारख्याच किमतीस पडत नाही. ज्याची गरज मोठी त्यालाच ते महाग पडते.

आणि या ठिकाणी नुसत्या औषधाची गोष्ट करूनही चालणार नाही. माणसाला उंबऱ्याबाहेर उभे करावयाचे आणि तो खिन्न झाला म्हणजे त्याच्या मनाला रोग आहे म्हणावयाचे, हा कोठला न्याय? चोखोबांना महाद्वाराबाहेर उभे राहावे लागले. दोष चोखोबांच्या मनात नव्हता, दाराशी होता. पंढरीचे ते दार उघडावयास १९४७ साल उजाडले आणि साने गुरुजींना उपोषण करावे लागले. २०१९ साली रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या माता कॉलेजांतील भेदभावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. चोखोबांची समाधी डोळ्यांपुढे ठेवून नामदेवांच्या पायरीला डोके टेकविणाऱ्यांनी तरी या गोष्टीकडे परक्यासारखे पाहू नये.

ज्ञानोबारायांची ताटीची कथा आपण सर्वच सांगतो. संन्याशाची पोरे म्हणून हिणवलेली ती भावंडे. लोकांचे बोलणे जिव्हारी लागले आणि ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी आतून लावून घेतली. ज्ञानेश्वरी सांगणारा तो महापुरुष! त्यालाही दार लावून घ्यावेसे वाटले. त्यांनी आतून हाक मारली नाही. हाक बाहेरून गेली, तीही सर्वांत धाकट्या मुक्ताईची. ही कथा सांगताना आम्ही कीर्तनकार मुक्ताईच्या अधिकाराचे वर्णन करतो, ते योग्यच. पण ती दाराशी आली, आणि ताटी उघडेपर्यंत दारातून हलली नाही, इकडे आमचे लक्ष कमी जाते. जो आत कोंडला गेला आहे त्यानेच पहिले बोलावे हा आग्रह सोडला पाहिजे. पहिले बोलण्याचे काम बाहेरच्याचे.

हे काम किती मोठे आहे ते दोन आकड्यांवरून ध्यानात येईल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या हिशेबाने २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपला जीव दिला. दिवसाला पस्तीसच्या वर. त्यांत सर्वांत अधिक, १,७६४, आपल्या महाराष्ट्रात. संतांच्या भूमीत! आणि बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली देशभर पाहणी केली, तीत नेहमी आढळणाऱ्या मनोविकारांच्या शंभर रुग्णांपैकी पंच्याऐंशी उपचाराविना असल्याचे दिसले. ते सारे ताटीच्या आत.

कायदा बराच बदलला आहे, तो तरी माहीत असावा. पूर्वी जिवावर उदार होऊन वाचलेल्या माणसावर खटला होत असे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यापासून लागू झाला. असा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे आता गृहीत धरले जाते आणि त्याची काळजी घेणे सरकारचे कर्तव्य ठरले आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीने घरात झाकून ठेवू नये. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा. पालकांनी कॉलेजात जाऊन तो कोण, कोठे बसतो, मराठी बोलतो का, हे विचारावे. फीबद्दल विचारता तसेच.

आता थोडे आमच्याच मंडळींना. हल्लीची पोरे नाजूक, मोबाईलने बिघडली, आमच्या वेळी असे नव्हते, हा विनोद कीर्तनात हमखास टाळी घेतो. तो सोडावा. समोर बसलेल्यांत एखादा असा असतो की ते ऐकून त्याची ताटी आणखी घट्ट होते. तुकोबारायांच्या वेळी १६३० चा दुष्काळ पडला, बायको अन्नावाचून गेली, मूल गेले, व्यापार बुडाला, आणि ते लोकांतून उठून डोंगरावर जाऊन बसू लागले. त्यांना कोणी नाजूक म्हणाले असेल तर इतिहासाने ते ठेवलेले नाही. जिजाई भाकरी घेऊन डोंगर चढत असे, हे मात्र लोक अजून सांगतात. आणि तिच्या जिभेला धार होती, असेही सांगतात. पण भाकरी चुकली नाही.

म्हणून आईबापांनी फोनवर 'मार्क किती' याच्या आधी 'जेवलास का, झोप लागते का' हे विचारावे. उत्तर 'ठीक आहे' असे आले तर तेथेच थांबू नये. जमेल तर एस.टी.ने उठून जावे, एक दिवस पोराबरोबर राहावे. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा त्याने केली तर उपदेश करू नये, घाबरून ओरडूही नये. असा विचार मनात येतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट ओझे उतरते. त्या वेळी पोराला एकटे ठेवू नये. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून अंगाऱ्यावर जाऊ नये, आणि बरे वाटले म्हणून मनानेच बंदही करू नयेत. 'येरवडा' हा शब्द घरात थट्टेला वापरू नये.

सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येते. फोन पोरानेच केला पाहिजे असे नाही. आईने केला, बापाने केला, वसतिगृहातल्या मित्राने केला तरी चालतो. 'माझा मुलगा बोलत नाही, मी काय करू' एवढे सांगितले तरी पलीकडचा माणूस पुढचे विचारतो.