शरीर सवय ओळखतं



हैदराबादच्या चिक्कडपल्लीत इडलीची पहिली वाफ दरवळते, तेव्हा जवळच्या इंदिरा पार्कमध्ये माणसं चालत असतात. चालून झालं की काही जण थेट टिफिन सेंटर गाठतात. तुपाचा डोसा, वर गोड चहा. मेहनतीची वसुली जागच्या जागी!

आपण सौदा करतो. शरीर सवय ओळखतं.

याच हैदराबादेत, तार्नाक्याला, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. ती सांगते, निम्मं ताट भाज्या-फळांचं असू द्या. जेवणानंतर चाललं की स्नायू रक्तातली साखर वापरतात. मधुमेह एका लाडवाने येत नाही, एका फेरीने टळतही नाही. शरीर सवय ओळखतं.

आज रात्री जेवल्यावर टीव्हीसमोर बसू नका. घरच्यांना हाक मारा आणि गल्लीच्या टोकापर्यंत चालून या.